पवनेकाठची सपाट बुडाची नाव

पिंपळे गुरवला कुणाला नदीचा पत्ता विचारावा लागत नाही, कारण नदी कुणाला हवीच नसते. पाहुणे येतात ते डायनासोरची बाग विचारत येतात, नाहीतर निळू फुले नाट्यगृह, नाहीतर काटेपुरम चौक. नदी इथे आहे हे उन्हाळ्यात वासाने कळते आणि पावसाळ्यात भीतीने. आमचे घर उताराच्या शेवटच्या ओळीत. त्यामुळे आम्हाला दोन्ही गोष्टी इतरांच्या आधी कळतात.

पवना लोणावळ्याच्या दक्षिणेला डोंगरात उगवते आणि सुमारे साठ किलोमीटर वाहून दापोडी-सांगवीजवळ मुळेला मिळते. साठ किलोमीटर म्हणजे काही मोठी नदी नव्हे. पण सगळे पिंपरी-चिंचवड तिच्यावर जगते. रावेतच्या बंधाऱ्यावर तिचे पाणी उचलतात, शुद्ध करतात आणि नळाने आपल्याला देतात. रावेतच्या खाली ती आमची राहत नाही, गटारांची होते. जानेवारीपासून जलपर्णी वाढते आणि एप्रिलपर्यंत कासारवाडीच्या काठापासून आमच्या काठापर्यंत हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी दिसते. नवीन माणसाला वाटते, काय छान हिरवळ आहे! एकदा आमच्याकडे आलेल्या एका लहान पोराने त्या हिरवळीवर चेंडू आणायला पाय टाकला होता. काठावरच्या माणसाने कॉलर धरली म्हणून तो आज शाळेत आहे.

या काठावर, पत्र्याच्या एका शेडमध्ये, एक लाकडी नाव वर्षानुवर्षे पडून होती. चौदा फूट लांब, मध्यावर चार फूट रुंद, बूड सपाट, आणि दोन्ही टोके पत्रावळीच्या द्रोणासारखी वर उचललेली. तिचे मालक भोईबाबा. त्यांचे वडील या पवनेत जाळे टाकत, दापोडीच्या संगमापर्यंत जात. मासे संपले तसे जाळेही संपले. बाबांनी पुढे कारखान्यात हेल्परी केली, निवृत्त झाले. नाव मात्र विकली नाही. शेडमध्ये ती होती, तिच्यात कोंबड्या होत्या आणि कोंबड्यांच्या वर जुन्या गाद्या.

२०२४ च्या जुलैमध्ये पाणी चढले. पंचवीस जुलैची गोष्ट. धरणातून विसर्ग, वरून पाऊस, आणि पहाटेपर्यंत नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी. आमच्या ओळीत ते कमरेपर्यंत आले. बचावाची रबरी बोट दुसरीकडे अडकली होती, त्यांना सगळीकडेच जायचे होते. आमच्या आजीला, वय वर्षे त्र्याऐंशी, आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावर घेतले. खाली पाय कुठे पडतो हे दिसत नव्हते. एकाचा पाय उघड्या चेंबरच्या कडेला लागला आणि खुर्ची कलंडली. आजी पडली नाही, पण त्या एका क्षणात आमचे जे झाले ते सांगता येणार नाही. त्या वेळी भोईबाबा शेडच्या दारात छातीपर्यंत पाण्यात उभे होते आणि त्यांची नाव त्यांच्या शेजारी अर्धी बुडून होती. तिच्या बुडाला मूठ जाईल एवढे भोक पडले होते. बाबा एवढेच म्हणाले, "हिला आज चालता आलं असतं तर आक्काला खुर्ची लागली नसती."

पाणी उतरल्यावर बाबांनी ती जळणाला द्यायची ठरवली. आमचा मामा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "थांबा. बघू."

मामा सुतार नव्हे, म्हणजे जातीने नव्हे, हाताने आहे. चाकणला यंत्रांसाठी लाकडी खोकी बनवणाऱ्या एका शेडमध्ये त्याची पंचवीस वर्षे गेली. मोटारींचे भाग, इंजिने, हे सगळे परदेशी जाते ते त्याच्यासारख्यांनी ठोकलेल्या खोक्यांतून. त्या लाकडावर 'एच.टी.' असा शिक्का असतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश उष्णता अर्धा तास दिली, आतली कीड मेली, असा त्याचा अर्थ. हे आम्हाला मामामुळे कळले. तोवर त्या शिक्क्यांच्या फळ्यांचे आम्ही नुसते बाकडे करत होतो.

मामाने नावेची तपासणी कशी केली ते सांगण्यासारखे आहे. त्याने आधी कोंबड्या हाकलल्या. मग लहान हातोडीने एकेक फळी वाजवली. चांगले लाकूड ठण वाजते, कुजलेले भद. जिथे भद वाजले तिथे पेचकस टोचला. बगलांच्या फळ्यांत तो घुसेना. त्या जुन्या सागाच्या होत्या. बुडाच्या फळ्यांत दोन ठिकाणी मुठीपर्यंत गेला. आम्हाला वाटले होते नाव नदीच्या पाण्याने कुजली असेल. तसे नव्हते. पाण्यात बुडून राहिलेले लाकूड तितके लवकर कुजत नाही, कारण बुरशीला हवा लागते. पूर्ण कोरडे राहिलेलेही कुजत नाही. ओले-कोरडे, ओले-कोरडे होत राहिलेले कुजते. शेडचा पत्रा दोन ठिकाणी फुटका होता, पावसाचे पाणी नावेत साचत होते आणि ते तिथेच आटत होते. नाव मारली ती नदीने नव्हे, पत्र्याच्या भोकाने. ती उपडी ठेवली असती तर वाचली असती. आमच्या वस्तीत किती वस्तू अशाच गेल्या असतील असे तेव्हा वाटून गेले.

दुसरा दोष खिळ्यांचा होता. कधीतरी कुणीतरी साधे लोखंडी खिळे मारले होते. प्रत्येक खिळ्याभोवती रुपयाएवढे काळे वर्तुळ. लोखंड गंजते, गंज लाकूड खातो, मग खिळा मोकळा होतो आणि त्या वाटेने पाणी येते. बाबांच्या वडिलांनी मारलेले तांब्याचे खिळे मात्र जसेच्या तसे होते. आतून वायसर घालून, डोके ठेचून पक्के केलेले. मामाने त्यातला एक काढून बघितला आणि पुन्हा जागेवर ठेवला. "हा माणूस आपल्यापेक्षा हुशार होता," एवढेच म्हणाला.

मामाला नाव बघायची होती, म्हणजे धड असलेली, चालणारी नाव. कोकणात जाऊन यायला वेळ नव्हता. पंढरपूरला चंद्रभागेत आहेत, पण तिथे गर्दी. मग आमची पुतणी, जी पॉलिटेक्निकला आहे, म्हणाली की पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा मार्चमध्ये असते, ती बघायला सगळ्यांना जाता येते. त्या कॉलेजची सुरुवात १८५४ ची आणि त्यांचा बोट क्लब १९२८ चा. पुण्यात जन्म गेला आणि आम्हाला माहीत नव्हते.

मार्चमधल्या एका संध्याकाळी आम्ही सगळे दापोडीहून लोकलने निघालो. आजीसुद्धा. दापोडी सुटली की लोकल मुळेच्या पुलावर येते. एका बाजूला जुना हॅरिस पूल दिसतो, खाली काळे पाणी. दापोडीलाच सैन्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि त्याच्या आवारात वल्हवण्याच्या सरावासाठी मुद्दाम बांधलेला लांब कालवा आहे. आपल्या राज्याचा दत्तू भोकनळ तिथे तयार झाला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा पोरगा, बापाबरोबर विहिरी खोदणारा. दुष्काळी गावातला, पाण्याची सवय नाही. सैन्यात भरती झाल्यावर खडकीच्या तुकडीत आला आणि वल्हे हातात घेतले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या नावेत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळवले. आम्ही राहतो तिथून तो कालवा दोन-तीन किलोमीटरवर असेल. आमच्या पोरांना क्रिकेटपटूंची नावे पाठ आहेत, हे नाव आम्हाला लोकलमध्ये सांगावे लागले.

शिवाजीनगरला उतरून संगमाकडे गेलो. काठावर माणसांची गर्दी, वर दिवे. पोरे-पोरी लांबट सपाट बुडाच्या नावा घेऊन रांगेत येत, बाणाच्या आकारात वळत, अंधार पडल्यावर मशाली घेऊन. त्या नावांना ते पंट म्हणतात. पाण्याला वास होताच, त्याला इलाज नाही. आमची पोरे मशाली बघत होती. मामा मात्र काठावर उपड्या ठेवलेल्या दोन नावांकडे बघत बसला. बुडाच्या फळ्या लांबीला आहेत की आडव्या, सांध्यात काय भरले आहे, काठाची पट्टी किती जाडीची, हे तो बोटांनी मापत होता. रखवालदार जवळ आला. मामाने त्याला सगळी हकीकत सांगितली. तो माणूस म्हणाला, "उपडी ठेवा आणि खाली हवा खेळू द्या. बाकी सगळं नंतर."

परत येताना पुतणीने एक वेगळीच गोष्ट सांगितली. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात मॅकेन्झी नावाची खडकाळ, जोरात वाहणारी नदी आहे. तिथल्या नावाही अशाच सपाट बुडाच्या आणि दोन्ही टोके उचललेल्या. वाहत्या पाण्याबरोबर सोडायच्या म्हणून त्यांना 'ड्रिफ्ट बोट' म्हणतात. वल्हवणारा माणूस इतर नावांसारखा पाठ करून बसत नाही, पुढे तोंड करून बसतो. समोर खडक दिसला की तो प्रवाहाच्या उलट वल्हे ओढतो. नाव मंदावते, मग तो तिला बाजूला सरकवतो. बूड द्रोणासारखे असल्यामुळे तिला पाण्यात पकड कमी आणि ती जागच्या जागी फिरते. १९३० ते ४० च्या सुमारास तिथल्या नावकऱ्यांनी फळ्या सोडून प्लायवूड वापरायला सुरुवात केली आणि घरोघरी लोक त्या बांधायला लागले. हे सांगितल्यावर भोईबाबा हसले. "आमचा बा तोंड फुडं करूनच बसायचा. उताराला खडक असतोय, पाठ करून बसला तर फुटंल न्हवं?" म्हणजे हे शहाणपण मॅकेन्झीवर होते आणि पवनेवरही होते. तिकडच्या नावेवर पुस्तके निघाली, इकडच्या नावेत कोंबड्या बसल्या.

एप्रिलमध्ये काम सुरू केले. रविवार, आणि सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस. बाबा रोज सांगत होते की सांध्यात सूत भरा, सूत. मामाने ऐकले नाही. त्याच्या खोक्यांच्या धंद्यात फट पडली की लुकण. त्याने टाकी गळते तेव्हा लावतात ती दोन गोळ्यांची दगडासारखी घट्ट होणारी लुकण आणली आणि सगळ्या सांध्यांत भरली. वरून घासून गुळगुळीत केली, निळा रंग दिला. इतकी सुंदर दिसत होती की आम्ही फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. शेडचा पत्रा आम्ही अजून बदललाच नव्हता! दोन दिवसांनी बघतो तो लुकणीच्या पट्ट्या सांध्यातून उचकटून वर आलेल्या, आणि एक फळी मध्येच कमानीसारखी उठलेली. फळीने पाणी प्यायले, ती फुगली, फुगायला जागा हवी, आणि जागा आम्ही दगडाने बंद केलेली. ताकद लाकडाचीच जास्त निघाली. मामा त्या दिवशी जेवला नाही. मग संध्याकाळी बाबांकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, सूत कसं भरायचं ते दाखवा."

मग जे शिकलो ते असे. लाकडी नावेचा सांधा सुकलेला असताना जरा मोकळाच ठेवतात. त्यात कापसाचे सैलसर पिळलेले सूत, पाचरीसारख्या बोथट पटाशीने आणि लाकडी मोगरीने ठोकून बसवतात. फार जोरात ठोकायचे नाही, नाहीतर सूत आतून बाहेर पडते. फार हळूही नाही. मोगरीचा आवाज बदलला की थांबायचे. वरून जवसाच्या तेलात मळलेल्या खडूच्या भुकटीची मऊ लुकण. कोकणात काथ्या आणि राळ वापरतात, तत्त्व तेच. नाव पाण्यात गेली की फळ्या फुगतात, सुताला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि सांधा स्वतःच बंद होतो. बाबांचे हात आता कापतात. पण मोगरी हातात घेतली की कापत नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी बघितले.

बुडाच्या ज्या फळ्या गेल्या होत्या त्यांच्या जागी काय घालायचे यावर दोन रविवार वाद झाला. खोक्यांचे पाइनचे लाकूड मामाला फुकट मिळाले असते. पण ते पाण्याला टिकत नाही. शिक्क्याने कीड मरते, पुढची कुज थांबत नाही. नवा साग परवडत नव्हता. शेवटी जुन्या वाड्याच्या मोडीतल्या सागाच्या दोन तुळया मिळाल्या, त्या चिरून घेतल्या. सगळ्या जागी पुरल्या नाहीत, म्हणून बसायच्या फळ्यांना मरीन प्लाय घेतले. प्लाय घ्यायला जाल तेव्हा नुसते 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. त्यावर आय.एस. ७१० हा आकडा बघा. त्या दर्जाचा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. स्वयंपाकघरातल्या कपाटालासुद्धा हे ध्यानात ठेवले तर बरे. फळीला फळी जोडायची तर टोकाला टोक भिडवायचे नाही, दोन्ही टोके तिरपी तासायची. फळी एक इंच जाड असेल तर तिरपा उतार आठ इंच लांब. एवढा लांब सांधा आम्हाला आधी उधळपट्टी वाटला. बगलेची एक पट्टी वाकवायची होती, तिला वाफ दिली. पत्र्याच्या जुन्या पाइपात पट्टी, एका टोकाला चुलीवरचा पाण्याचा डबा, दुसऱ्या टोकाला गोणपाटाचा बोळा. एक इंच जाडीला साधारण एक तास. बाहेर काढल्यावर ती ओल्या वेतासारखी वाकते, पण मिनिटभरच. त्या मिनिटात सहा माणसांनी सहा ठिकाणी धरायचे. आमच्यात त्या दिवशी जेवढी एकी होती तेवढी लग्नकार्यातही नसते.

या सगळ्या दिवसांत आजी शेडच्या दारात बसून असायची. एका दुपारी ती आपणहून बोलली. तिचे माहेर भीमेकाठचे, इंदापूर तालुक्यातले. १९८० च्या सुमारास ते उजनीच्या पाण्याखाली गेले. लहानपणी ज्वारी काढायला पलीकडच्या काठाला जावे लागे, नावेने. तिच्या तोंडचे शब्द असे: "आदी गाव बसायचं. मग गुरं. मग उरली तर आमी. पैसा हातात घेत नव्हता नावाडी. काठावर ठेवायचा. मग तो त्याच्यावर पाणी मारायचा आन् उचलायचा. पैशाला पाणी लागलं की पैसा शुद्ध. आन् त्याच पाण्यात आमी गुडघाभर उब्या." भोईबाबा तिथेच सूत पिळत होते. त्यांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्याकडंबी तसंच होतं, आक्का. माझा बा तसंच करायचा. मी बघितलंय." मग पुन्हा सूत पिळायला लागले. त्यावर कुणी काही बोलले नाही. काय बोलणार!

१९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात नदी, घाट, पाणवठा, सार्वजनिक वाहन ही सगळी नावे घालून लिहिलेली आहेत. आजीला तेव्हा तेरा-चौदा वर्षे झाली असतील. कायदा झाला, पण नावाड्याला तो कुणी वाचून दाखवला नाही. आणि बाबासाहेबांचा नद्यांशी संबंध फक्त चवदार तळ्यापुरता नव्हता, हेही आम्हाला याच निमित्ताने नीट कळले. १९४२ ते ४६ ते मजूरमंत्री होते तेव्हा पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४५ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत जो केंद्रीय आयोग निघाला त्याच्या नावातच जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन असे तिन्ही शब्द होते. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथे ओरिसाच्या नद्यांवर बोलताना त्यांनी धरणातून पाणी, वीज आणि वाहतूक तिन्ही साधावे असे मांडले, आणि रेल्वेच्या नादात या देशात जलवाहतुकीकडे दुर्लक्ष झाले हेही सांगितले. आमच्या घरातल्या त्यांच्या एकाही फोटोत नदी नाही. असायला हवी होती.

आजीच्या माहेरचे पाणी आणि आमच्या दारातले पाणी एकच, हे पुतणीने नकाशावर बोट फिरवून दाखवले. पवना मुळेला, मुळा मुठेला, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला, आणि भीमा उजनीत. म्हणजे आम्ही पिंपळे गुरवला जे सोडतो ते आजीच्या बुडालेल्या घरावरून जाते. आजीने हे ऐकून घेतले आणि विचारले, "मग इथली घाणबी तिथंच जात आसंल?" हो, तिथेच.

नाव तयार होत आली तसा एक प्रश्न आला, किती माणसे बसवायची. हा हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसे काढणारी नाव उलटली आणि वाचायला निघालेली माणसेच बुडाली. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. म्हणून आम्ही हिशेब केला. पोरांनी तो शाळेच्या वहीत केला, तो असा. आमच्या नावेचे बूड टोकाकडे निमुळते होते हे धरून सुमारे ४० चौरस फूट. ते एक इंच बुडाले की सव्वातीन घनफुटांहून थोडे जास्त पाणी बाजूला सरते. एक घनफूट पाणी सव्वाअठ्ठावीस किलो. म्हणजे एका इंचाला साधारण ९४ किलो वजन पेलते. नावेचे स्वतःचे वजन दीडशे किलो धरले तर ती दीड-पावणेदोन इंच बुडणार. सात माणसे साठ-साठ किलोची बसवली तर आणखी साडेचार इंच. एकूण सहा-सव्वासहा. बगला सोळा इंच उंच, वर दहा इंच शिल्लक. हा हिशेब माणसे गप्प बसून राहतील असे धरून आहे. पुरात माणसे गप्प बसत नाहीत. म्हणून सातऐवजी चौघे आणि एक वल्हवणारा असे ठरले, आणि बाहेरून पाच इंचावर लाल पट्टी मारली. पट्टी पाण्याखाली गेली की एकजण उतरणार, मग तो कुणीही असो.

नदीकाठच्या माणसांना रेषा नवीन नाहीत. सरकारच्या नकाशात निळी रेषा असते, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमची ओळ निळ्या रेषेच्या आत आहे. घर घेताना हे कुणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी दुसरीकडे घेण्याएवढे पैसे नव्हते.

पावसाळा संपेपर्यंत थांबलो. पुराच्या धारेत ही नाव नेता येणार नाही हे मामाने आणि बाबांनी दोघांनी निक्षून सांगितले होते. ही गल्लीत साचलेल्या, थांबलेल्या पाण्यासाठी आहे. धारेत नेली तर ती पवनेची नाही, आपली कबर आहे, असे बाबांचे शब्द. पत्रा बदलला. तीन जॅकेटे विकत घेतली, बाकीच्यांसाठी झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन दोरीने बांधले.

ऑक्टोबरमध्ये, अशोक विजयादशमीनंतरच्या रविवारी, नाव काढली. त्या आधी चार दिवस ती अंगणात पाणी भरून ठेवली होती. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळत होती, शेजारी हसत होते. चौथ्या दिवशी थेंब थांबला. तेव्हा पवनेत जलपर्णी नव्हती, पावसाने वाहून नेलेली. पाणी काळे नव्हते, मातकट होते, आणि वास जवळजवळ नव्हता. बारा जणांनी उचलून नाव घाटावर नेली.

आधी मामा आणि बाबा दोघेच बसले. बाबा तोंड पुढे करून. वल्हे एकदा ओढले, नाव जागीच फिरली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ती काठाला लावली आणि बाबा म्हणाले, "आक्का, या."

आजी म्हणाली, "पोरांना घ्या आदी."

"न्हाई. तुमी आदी."

दोघांनी हात धरून तिला मधल्या फळीवर बसवले. काठापासून वीसेक हात आत नेले असेल, कासारवाडीच्या बाजूला तोंड करून, आणि परत आणले. पाच-सात मिनिटे. आजीने दोन्ही हातांनी काठ घट्ट धरले होते आणि ती पाण्याकडे न बघता समोर बघत होती. उतरताना तिने कनवटीचे दहाचे नाणे काढले. आम्ही म्हटले, "आजी, अगं काय हे." तिने ऐकले नाही. नाणे पुढे केले. बाबांनी ओला हात धोतराला पुसला, पुढे केला आणि नाणे हातात घेतले.

त्यानंतर पोरांच्या फेऱ्या झाल्या. मागच्या डाव्या सांध्यातून थोडे पाणी येत होते, एक डबा भरेल एवढे. मामाने तिथे खडूने खूण केली. नाव आता शेडमध्ये सहा विटांवर उपडी आहे. कोंबड्यांना वेगळे खुराडे करून दिले आहे, तरी त्या तिच्यावर जाऊन बसतात.